देवाला नाही, कामाला नाही, नुसतं चालायला

  मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांवर बोललो होतो. आजचा विषय वेगळा आहे. कोकणात समुद्राजवळ डोंगर आहेत, त्यावर दाट रान आहे आणि त्या रानातून पायवाटा आहेत. शहरातली माणसं सुट्टी काढून, पैसे खर्च करून तिथं चालायला जातात. आपल्यासारख्या बायांनी जावं का, आणि जायचं तर कसं, यावर आज बोलायचं आहे.

काही जणी हसल्या असतील. चालायचं काय शिकवता, ते तर आम्ही रोजच चालतो! खरं आहे. वावरात जायला चालतो, निंदणाला चालतो, उन्हाळ्यात पाण्याला चालतो, सरपणाला चालतो. शेगावची पालखी आपल्या रिसोडवरून पंढरपूरला जाते, तिच्यामागंही आपल्यातल्या कितीतरी जणी चालल्या आहेत. पण नीट बघा, बाईच्या पायी चालण्याला आपल्याकडं दोनच कारणं चालतात. एक काम, दुसरं देव. तिसरं कारण सांगितलं की घरात भुवया वर जातात.

आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा तसंच झालं. सोयाबीनची सोंगणी झाली की तूर काढणीला येईपर्यंत मधे थोडे दिवस हात मोकळे असतात, तेव्हा चार दिवस कोकणात जाऊ, रानात चालू, समुद्र बघू, असं आम्ही मांडलं. एक काकू म्हणाल्या, वाटेत देव कोणता लागतो? म्हटलं, देव नाही. मग कशाला जायचं? एका घरून निरोप आला, "एवढी चालाची हौस असन तं वावरात ये." मोठं भांडण पैशावर झालं. गटाची बचत फिरण्यासाठी वापरायची नाही, त्यासाठी अंतर्गत कर्जही द्यायचं नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं. बचत ही दवाखान्याला, बियाण्याला, लेकरांच्या फीला. मग वेगळी पेटी केली. ज्यांना जायचं त्यांनी दर आठवड्याला ५० रुपये टाकायचे, वर्षाचे २६०० होतात. बारा जणींनी सुरुवात केली आणि बाराही जणींनी वर्षभर पैसे टाकले.

निघालो मात्र अकरा. बाराव्या बाईला आदल्या रात्री घरून नाही म्हणून सांगितलं. ती भांडली नाही. सकाळी स्टँडवर आली, आमच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी ठेवली आणि परत गेली. तिचे २६०० रुपये आम्ही परत करायला गेलो तर म्हणाली, पेटीतच राहू द्या.

आता जागेविषयी. आम्ही रायगड जिल्ह्यातलं फणसाड निवडलं. मुरूड आणि रोहा तालुक्यांच्या डोंगरात हे अभयारण्य आहे, १९८६ साली जाहीर झालेलं. त्याआधी ते जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं. नवाबाला शिकार पाहिजे होती म्हणून झाडं राहिली, असं म्हणायला हरकत नाही. निवडायचं कारण साधं होतं. फणसाडच्या वाटा किल्ल्यांसारख्या छातीवर येत नाहीत, रान दाट आहे, आणि डोंगर उतरला की काशीदचा समुद्र. पहिल्यांदा जाणाऱ्या बायांना हे तिन्ही बरं.

अकोल्याहून रात्रीची रेल्वे धरली आणि पहाटे कल्याणला उतरलो. तिथून पनवेल आणि पुढं अलिबाग, रेवदंडा करत मुरूडकडं एसटीनं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, त्याचा इतका चांगला उपयोग आम्ही आधी कधी केला नव्हता. तोवर माहेर आणि दवाखाना एवढंच अर्धं तिकीट झालं होतं.

कल्याण नाव आलं म्हणून एक गोष्ट सांगतो. कल्याण हे फार जुनं बंदर. घाटावरून बंदरावर माल आणायची जी वाट होती ती नाणेघाटातून उतरायची, जुन्नरच्या बाजूनं. दोन हजार वर्षांपेक्षा जुनी, डोंगर फोडून केलेली वाट. आजही हौशी लोक ती चढतात. तिथं वर एक मोठा दगडी रांजण आहे, जकातीचे पैसे त्यात टाकत असं सांगतात. शेजारी लेणं आहे आणि त्याच्या भिंतींवर सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख कोरलेला आहे. कोणते यज्ञ केले, दानात गाई किती, घोडे किती, नाणी किती, सगळ्याचे आकडे आहेत. नवरा गेल्यावर लेकरू लहान असताना तिनं कारभार बघितला, असं इतिहासाची पुस्तकं सांगतात. आमच्यातल्या सचिव बाईंना हे फार आवडलं. म्हणाल्या, म्हणजे रजिस्टर लिहिणारी पहिली बाई!

फणसाडला सुपेगावच्या बाजूनं आत गेलो. नाक्यावर नावं लिहिली, तिकीट काढलं आणि गावातली एक वाटाडी बाई बरोबर घेतली. वय असेल पंचेचाळीस. पायात साधी रबरी चप्पल, हातात कोयता नाही, काठी नाही. आम्ही बूट घालून धापा टाकत होतो आणि ती बोलत बोलत चालत होती.

खरी गंमत सुरू झाली ती पहिल्या अर्ध्या तासात. वाटेच्या कडेला वाळलेल्या काड्या पडलेल्या होत्या. आमच्यातल्या एकीनं वाकून दोन उचलल्या, मग चार, मग पदरात धरायला लागली. दुसरी तिच्यामागं. वाटाडी बाई थांबून म्हणाली, "ताई, इथलं काही न्यायचं नाही. वाळलेलंसुद्धा." कायदाच आहे तसा, अभयारण्यातून काडीही उचलायची नाही. दोघींनी काड्या खाली टाकल्या आणि मग त्यांना हात कुठं ठेवावेत तेच कळेना. आम्ही सगळ्याच हसलो. पण पुढं चालताना प्रत्येकीच्या लक्षात आलं की आपलंही तसंच झालंय. डोक्यावर काही नाही, कमरेवर लेकरू नाही, हातात विळा नाही. मान सरळ करून, वर बघत चालायची सवयच नाही आपल्याला. डोक्यावर हंडा असला की नजर पायाशी लागते. त्या दिवशी आम्ही झाडाचे शेंडे बघितले.

आणि शेंड्यावर बघण्यासारखं होतंही. शेकरू दिसलं. ही मोठी खार, आपल्या राज्याचा प्राणी. तांबूस अंग, लांब झुपकेदार शेपूट, या झाडावरून त्या झाडावर उडी. खाली सहसा उतरत नाही. उंच फांद्यांत काड्यापानांचं घरटं करते, आणि एकच नाही, जास्त करते. ऐन, जांभूळ, अंजनी अशी झाडं एकमेकांना लागून उभी आहेत म्हणून तिला वरच्या वर जाता येतं. मधली झाडं तुटली की तिची वाटच तुटते. गारंबीचा वेल बघितला, मांडीएवढा जाड, आणि त्याची शेंग आपल्या हातापेक्षा लांब. आपल्याकडं वालाच्या शेंगेचं कौतुक करतो आपण!

तिथं पाणवठ्याला गाण म्हणतात. चिखलगाण, धरणगाण, फणसाडगाण अशी त्यांची नावं. वाटाडी बाई वाटेच्या खुणा सांगताना झाडाचं नाव क्वचित घ्यायची, पाण्याचं नाव हमखास घ्यायची. हे आम्हाला लगेच कळलं. आपल्याकडंही कोणत्या विहिरीवरून वळायचं असंच सांगतो ना आपण.

वाट ओळखणं हे मोठं ज्ञान आहे, ते तिच्याकडून थोडं शिकलो. रानात सगळ्या मळलेल्या वाटा गावाला जात नाहीत. ढोरवाट असते. ती रुंद दिसते, खात्रीची वाटते, पण गवताकडं जाते आणि तिथं दहा फाटे फुटून संपते. शहरातली पोरं हमखास तिथंच चुकतात. सरपणाची वाट झाडीत शिरते आणि बंद होते. पाण्याची वाट उताराला लागते आणि तिच्यावर पावलं जास्त खोल असतात, कारण येताना बाईच्या डोक्यावर भार असतो. गावाकडून गावाकडं जाणारी वाट मात्र दगडावरही झिजलेली दिसते. ही माहिती नकाशात नाही. ज्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या या वाटांवरून भारे वाहिले, करवंदं-जांभळं टोपलीत घालून बाजाराला नेली, त्यांच्या पायांत ती आहे. आज हौशी लोक ज्या वाटांना ट्रेक म्हणतात, त्यातल्या कितीतरी वाटा अशा भाऱ्यांनी पाडलेल्या आहेत.

मग त्या वाटेचे पैसे कोणाला मिळतात? आम्ही पायथ्याच्या एका घरी जेवलो. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी. उत्तम जेवण. सकाळी चारला उठून दोन जावांनी रांधलं होतं. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा भिंतीवरचा स्कॅनर दाखवला, नाव घरातल्या दादांचं. आम्ही विचारलं, ताई, तुमचं खातं नाही का? म्हणाली, आहे की, गटाचं आहे, पण याला यांचंच जोडलंय. किती जमतात महिन्याला? तिला माहीत नव्हतं. दादा वाईट माणूस नव्हता, पाहुण्यांना गाडीनं सोडत होता, राबत होता. पण रांधणारीला आकडा माहीत नसणं आम्हाला खटकलं आणि आम्ही ते तिथंच बोललो. उद्या आपण असं काही सुरू केलं तर स्कॅनर गटाच्या खात्याचा, एवढं आधी ठरवायचं.

सुरू करता येण्यासारखं आहे का? आहे. अकोले तालुक्यात पुरुषवाडी म्हणून आदिवासी गाव आहे. पावसाळ्याच्या तोंडाला तिथं काजव्यांनी झाडं पेटल्यासारखी दिसतात, ते बघायला लोक जातात, गावात घरोघरी राहतात आणि घरचं खातात. आपल्याकडं काजवे नसतील, पण लोणार जवळ आहे. उल्का पडून झालेलं सरोवर जगात प्रसिद्ध आहे, २०२० साली त्याला रामसर म्हणून पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. काठाकाठानं झाडी, जुनी देवळं, चालायला वाट. तिथं येणाऱ्याला ज्वारीची भाकर आणि ठेचा कोण देतंय ते एकदा जाऊन बघा. सरकारचं २०२३ सालचं 'आई' नावाचं महिला पर्यटन धोरण आहे. बाईच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला बँकेनं १५ लाखांपर्यंत कर्ज दिलं तर त्याचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळतं. कर्ज बँकच देणार आणि फेडावं आपल्यालाच लागणार, हे विसरू नका. आधी दोन खाटा आणि एक चूल यावर बघावं, मग लाखांची भाषा करावी, असं आमचं मत आहे.

वाटेत गिधाडांचाही विषय निघाला. फणसाड भागात त्यांना वाचवायचे प्रयत्न झालेत. आपल्याकडं मेलेलं जनावर टाकलं की आभाळातून उतरणारी गिधाडं आपल्या आयांनी बघितलीत, आपल्या लेकरांनी नाही. जनावरांना दुखण्यावर टोचायचं डायक्लोफिनॅक नावाचं औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि ती मरायची. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. डॉक्टर गोठ्यात आले की औषधाचं नाव विचारत जा. मेलॉक्सिकॅम चालतं.

आता तयारीविषयी सांगतो, कारण परत आल्यापासून बाया हेच विचारतात.

बूट लागतातच. महागडे नको, रबरी तळाचे कॅनव्हासचे चालतात, पण निघायच्या आधी महिनाभर घालून वावरात जा, नाहीतर पहिल्याच दिवशी टाचा सोलतात. वाळलेल्या पानांवर आणि मुरमाच्या उतारावर चप्पल सटकते. वाटाडी बाईचं बघू नका, तिचे पाय तिथलेच आहेत. कपड्यांवर आमच्यात चर्चा झाली. पाच जणी पहिल्यांदाच सलवार-कुर्ता घालून आल्या, दोघींनी तो सासरी कधीच घातला नव्हता, रेल्वेत बदलला. चौघींनी साडीचा काष्टा घातला. दोघी साध्या गोल साडीत चालल्या आणि काटेरी जाळीत सगळ्यात जास्त त्याच अडकल्या. काष्टा किंवा सलवार, एवढंच सांगतो.

लघवीची अडचण कोणी बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो. रानात संडास नसतो. बाया ते टाळायला पाणीच पीत नाहीत, मग चक्कर येते, नंतर आग होते. माणशी दोन लिटर पाणी न्या आणि प्या. दर तासाला थांबायचं, वाटेपासून आणि पाणवठ्यापासून दूर, दोघी-दोघींनी जायचं, एक ओढणी धरायला. पाळी येणार असेल तर जायचंच नाही असं काही नाही, आमच्यातली एक गेली. वापरलेले पॅड कागदात आणि पिशवीत गुंडाळून परत आणायचे, रानात टाकायचे नाहीत. प्लास्टिकचंही तसंच.

चढताना दम लागतो पण गुडघे उतरताना जातात. काठी घ्या, पावलं लहान टाका, तिरकं उतरा. सगळ्यात पुढं कोण आणि सगळ्यात शेवटी कोण हे आधी ठरवा, आणि शेवटच्या बाईच्या मागं कोणी राहायचं नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या स्वतःच्या पिशवीत. अत्तर, वासाचं तेल नको, आणि रानात धूर करू नका, मधमाश्या उठतात. सूर्य कलायच्या आत बाहेर. जून ते सप्टेंबर अजिबात नको. तिथला पाऊस आपल्यासारखा नसतो. आणि समुद्रात गुडघ्याच्या पुढं जायचं नाही. काशीदला पाणी दिसायला शांत होतं, तरी आम्ही आधी तिथल्या टपरीवाल्या मावशींना भरती-ओहोटीची वेळ विचारली. त्यांनी नाही म्हटलं तेव्हा अर्धा तास वाळूतच बसून राहिलो. आमच्यातल्या साठीच्या आजींनी पायावर पहिली लाट आल्यावर पाणी चाखून बघितलं आणि म्हणाल्या, खारट आहे म्हणतात ते खरंच आहे. त्यांना वाटायचं, शाळेच्या पुस्तकात उगाच लिहितात.

परतीच्या प्रवासात हिरकणीचा विषय निघाला. एसटी स्टँडवर लेकराला पाजायची खोली असते, तिच्यावर हिरकणी कक्ष लिहिलेलं असतं. रायगडाच्या पायथ्याची ही गवळण गडावर दूध घालायला गेली, कोजागिरीची रात्र, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं लेकरू, म्हणून कडा उतरून गेली, अशी गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. महाराजांनी तिथं बुरूज बांधला म्हणतात. एकीनं विचारलं, लेकरू नसतं घरी, आणि ती सहजच कडा उतरली असती, तर बुरूज बांधला असता का?

तेव्हा वाटाडी बाईनं सांगितलेली कळसूची गोष्ट आठवली. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. त्या भागात सांगतात की कळसू नावाची कोळ्याची पोरगी होती, तिला रानात हिंडायची फार आवड. एका घरी कामाला राहिली ती अट घालून, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एक दिवस घरातल्यांनी तेच काम सांगितलं. तिनं ते केलं, आणि मग डोंगर चढून गेली ती परत आलीच नाही. आज तिचं देऊळ वर आहे, नवरात्रात जत्रा भरते. म्हणजे हिंडायच्या आवडीपायी घर सोडून गेलेली पोरगी लोकांनी देवी केली, पण आपल्या घरातली म्हणाली की मला नुसतं हिंडून यायचंय, तर तिला वावर दाखवतात. यावर गाडीत फार बोलणं झालं, अकोला येईपर्यंत.

तर पुढच्या हिवाळ्यात कळसूबाई. त्याच रेल्वेनं इगतपुरीला उतरायचं, घोटीवरून बारी गावाला जायचं. वाट बारीतून चढते, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, फणसाडपेक्षा चढ जास्त आहे. म्हणून आधी सरावाला लोणारला दोनदा उतरून चढायचं आणि रोज संध्याकाळी पांदणीनं तासभर चालायचं, रिकाम्या हातानं. पेटी सोमवारच्या बैठकीत पुन्हा उघडतोय, ५० रुपयेच ठेवलेत. यादीत पहिलं नाव बाराव्या बाईचं आहे, तिचे पैसे भरलेलेच आहेत. तिच्या सासूबाई हा कार्यक्रम ऐकतात हे आम्हाला माहीत आहे. मावशी, तुम्हीही या. कळसूबाई ही देवीच आहे, तेव्हा तुमच्या घरी सांगायला कारणही होईल.